रंग वाळला का

गाडीतून उतरल्यावर कोझिमानं आधी पाव घेतला. स्टेशनासमोरच्या भट्टीतला, मोठा, गोल, जाड सालीचा. भट्टीवाली म्हणाली, "अर्धा कापून देऊ? एकटीला एवढा कशाला?"

"अख्खाच द्या," कोझिमा म्हणाली. "एकटी नाहीये मी."

भट्टीवालीनं पुढं काही विचारलं नाही. संतांच्या सणाचा दिवस होता. त्या दिवशी दुपारी कुणी अख्खा पाव मागितला, तर तो कुणासाठी हे तारांतो शहरात विचारायचं नसतं. त्या संध्याकाळी मेलेली माणसं आपापल्या घरी येतात. लांबून आलेली असतात, दमलेली असतात. म्हणून टेबलावर पांढरं फडकं अंथरायचं, पाव ठेवायचा, पाण्याचा पेला भरायचा, दार किलकिलं ठेवायचं आणि पाठ करून बसायचं. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, एवढी रीत तर जिवंत माणसालाही लागू आहे. आणि त्या पानातलं सकाळपर्यंत कुणी उष्टावायचं नाही.

कोझिमाच्या आईला, फिलोमेनाला, जाऊन वर्षही झालं नव्हतं. आईची ही पहिलीच फेरी. आपल्या घरी येईल आणि पान मांडलेलं नसेल, असं होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी कोझिमा तोरिनोहून रात्रभर गाडीत बसून आली होती.

पाव काखेत धरून ती दगडी पूल उतरली आणि जुन्या गावात शिरली. दोन्ही बाजूंना समुद्र, मधे हे बेट, आणि बेटावर एकमेकांना टेकून उभी असलेली घरं. तिच्या पुढंमागं चाकांच्या पेट्या ओढत पाहुणे चालले होते. दगडांवर चाकांचा खडखडाट. पूर्वी या गल्लीत अशा सणाला शेवंतीचा वास यायचा आणि बायकांचा आवाज. आता दारादारांवर पाट्या होत्या, आणि प्रत्येक दाराला आकड्यांचं कुलूप.

आईच्या घराखाली एजिदिओकाका बसले होते. जन्मभर काळे शिंपले काढून विकलेला माणूस. आता डोळे गेले तरी बोटं दोर विणायचं विसरली नव्हती.

"या, या, पर्यटकबाई!" कोझिमाचा आवाज ऐकून म्हातारा म्हणाला. "फोटो काढू का तुमचा? मागं समुद्र घेऊ की मला घेऊ?"

"तुम्हालाच घ्या, काका. समुद्रापेक्षा जुने दिसता."

काका हसले. मग हळूच म्हणाले, "राहणार कुठं?"

"वर."

"वर म्हणजे... पैसे भरून?"

"पैसे भरून. नवऱ्याच्या नावानं नोंदवली खोली. माझं नाव बघितलं असतं तर कातालदोनं दिली नसती." कोझिमाचा आवाज चढला. "ज्या खोलीत मी जन्मले, काका, त्या खोलीचं एका रात्रीचं भाडं भरलंय मी. वर मला विचारलंय, खोली आवडली का ते नंतर सांगा."

म्हाताऱ्यानं दोर खाली ठेवला. "फिलोमेनाच्या दाराला कधी किल्ली लागली नाही. दोरी ओढली की उघडायचं. कोण यायचं, कोण जायचं, मी इथं बसून पावलांवरून सांगायचो. आता सगळे सारखे चालतात." मग दोर पुन्हा उचलून तो म्हणाला, "वर भिंतीला टेकू नकोस हं, पोरी."

"का?"

"रंग लागतो. जे जे राहायला येतात ते सकाळी पाठी पांढऱ्या करून उतरतात. भांडतात. कातालदोनं कितीदा खरवडला, पुन्हा काढला. म्हणतो, दमट हवा आहे. दमट हवा! आम्ही काय वाळवंटात जन्मलो होय?"

कोझिमानं काखेतला पाव घट्ट धरला. कारण रंग हा शब्द.

त्याचं असं झालं होतं. कातालदो तिचा धाकटा भाऊ. दीड वर्षापूर्वी त्यानं आईला सांगितलं, "आई, घराला रंग काढायचाय. तो वास तुला सोसायचा नाही. चार दिवस पलीकडं राहा." पलीकडं म्हणजे खाडीवरचा लोखंडी पूल ओलांडून नव्या गावातल्या वृद्धाश्रमात. म्हातारी बिचारी एक पिशवी घेऊन गेली. चार दिवसांचे कपडे. ते चार दिवस संपले फेब्रुवारीत, आणि तिथून ती गेली ती थेट दफनभूमीत. मधल्या काळात जो भेटायला येईल त्याला ती एकच विचारायची. "रंग वाळला का?" नर्सला, पाद्रीबाबाला, खिडकीवर बसणाऱ्या कबुतराला. कोझिमाला फोनवर विचारायची, "रंग वाळला का गं?" आणि कोझिमालाही भावानं तेच सांगितलेलं, म्हणून ती म्हणायची, "वाळेल आई. पावसाळी हवा आहे. वाळेल."

घर पाहुण्यांना भाड्यानं दिलंय हे तिला कळलं ते आईच्या मातीला आल्यावर.

आकडे दाबून तिनं दार उघडलं. जिना तोच होता, उंच पायऱ्यांचा. पण भिंत पांढरीफटक. पूर्वी त्या भिंतीवर, हाताच्या उंचीला, खालपासून वरपर्यंत एक काळपट गुळगुळीत पट्टा होता. आईचे गुडघे लवकर गेले. ती भिंतीवर तळवा घासत चढायची, तीन पायऱ्या आणि विसावा, तीन पायऱ्या आणि विसावा. त्या तळव्याचा पट्टा. कातालदोनं तो पुसला होता.

वरची खोली बघून कोझिमा दारातच उभी राहिली. सगळं पांढरं. कोपऱ्यात कधी पाण्यात न गेलेलं वल्हं. छताला मासेमारीचं जाळं, त्यात शोभेचे शिंपले. आणि समोरच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकलेला, आईचा पीठ मळायचा पाट. मधोमध आईच्या मनगटांनी झिजून खळगा पडलेला तो पाट. त्या खळग्यात निळ्या रंगानं तीन भाषांत लिहिलं होतं, स्वागत.

"खिळा ठोकला," कोझिमा मोठ्यानं म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं तरी. "मेल्यानं पाटाला खिळा ठोकला."

तिनं पाट उपसून काढला. काढताना बोटांना रंग लागला. थंड, ओला, जणू आत्ताच कुणी हात फिरवून गेलंय. पाट तिनं टेबलावर आडवा ठेवला, खळगा वर, शब्द फडक्याखाली झाकले जातील असा. टेबलावर पाहुण्यांसाठी एक तबक मांडलेलं होतं, त्यात पाव, वाळकी बिस्किटं, पाण्याची सुरई. घराघरांत आता असं तबक ठेवतात, आलेल्याला बरं वाटावं म्हणून. ते तिनं उचलून कपाटात कोंबलं. मग पाटावर बरोबर आणलेलं पांढरं फडकं अंथरलं, पाव ठेवला, कपाटातला आईचा काचेचा पेला भरला, दिवा लावला. खालचं दार आपोआप बंद व्हायचं, म्हणून उतरून त्यात आपली चप्पल अडकवली. मग खिडकीकडं तोंड करून खुर्चीवर बसली.

तिन्हीसांजा झाल्या. बाहेर समुद्र शाईसारखा झाला. चर्चची घंटा वाजली, थांबली. खोलीत ओल्या चुन्याचा वास हळूहळू दाटू लागला.

खाली चपलेचा आवाज झाला. मग जिन्यावर धाडधाड पावलं. ही आईची नव्हेत, कोझिमाला कळलं.

"कोण आहे? दार कुणी उघडं ठेवलंय? माझ्या फोनवर केव्हाचं..." कातालदो दारात येऊन थबकला. जाडगेला, दम लागलेला, अंगात चांगला कोट. "ताई? तू? पाहुणी म्हणून?"

"मग काय म्हणून येऊ? लेक म्हणून हे कुलूप उघडत नाही."

"मला सांगितलं असतंस तर..."

"तू आईला सांगितलं होतंस?" ती उठून उभी राहिली. "रंग काढायचाय म्हणालास. चार दिवस म्हणालास. म्हातारी पिशवी उशाशी घेऊन झोपायची तिथं, ठाऊक आहे? रोज. आज बोलावतील म्हणून."

"तिला जिना चढवत नव्हता, ताई. तू तिकडं तोरिनोत. पाहायचं कुणी?"

"चढवत नव्हता, की तुला उतरवायची होती?"

"हे बघ, सगळी गल्लीच देते घरं. मी एकट्यानंच काय पाप केलं?" तो येरझारा घालू लागला. "कर कोण भरतं? छप्पर गळत होतं. तू कधी विचारलंस? सणाला फोन केला की झाली लेक! मी इथं रोज मरतोय, आणि तू येऊन मलाच..."

"पाटाला खिळा ठोकताना हात नाही कापला तुझा?"

"लाकडाचा पाट आहे तो! लाकडाचा! लोकांना आवडतं जुनं काहीतरी..."

बोलता बोलता त्याचा घसा सुकला. आणि सवयीनं हात टेबलाकडं गेला. रोज या टेबलावरचं तबक तोच मांडायचा, उरलंसुरलं तोच तोंडात टाकायचा. अंधुक उजेडात पाव दिसला, तुकडा मोडला, चावला. पेला उचलला, घटाघटा प्यायला.

 कोझिमा ओरडली, "थुंक! कातालदो, थुंक आधी!"

"काय झालं? पाहुण्यांचा तर..." त्यानं खाली बघितलं. पांढरं फडकं. दिवा. आईचा पेला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग पाण्यासारखा उतरला. "आज... आज काय आहे?"

"संतांचा सण आहे."

तो हसायला गेला. "मी विसरलो. ताई, शपथ, मी विसरलोच..." तोंडातलं थुंकायला त्यानं हात पुढं केला, पण घास गेला होता.

तेवढ्यात खाली दार करकरलं.

एक पायरी. दुसरी. तिसरी. मग विसावा. आणि त्याबरोबर भिंतीवरून काहीतरी घासत वर येणारं... स्स्... स्स्... तळव्यासारखं.

"काका असतील," कातालदो कुजबुजला.

"काका जिना चढत नाहीत आता."

तीन पायऱ्या. विसावा. त्या विसाव्यात दम घेतल्याचा आवाज होता. हा आवाज दोघांनी लहानपणी रोज ऐकला होता. बाजारातून आई आली की आधी हा आवाज यायचा, मग मासळीचा वास.

कोझिमा खिडकीकडं वळली. पाठ केली. डोळे घट्ट मिटले. "बघू नकोस," ती म्हणाली. "कातालदो, पाठ कर. बघू नकोस..."

पण तो दाराकडं तोंड करून उभा होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, मग तोही येईना. दिव्याची ज्योत फडफडली हे मिटलेल्या पापण्यांतूनही कळलं. मागून काहीतरी चालत टेबलापाशी आलं. फडक्यावरून हात फिरला. चाचपत, सावकाश. पावाची साल कुरकुरली. रिकामा पेला उचलला गेला आणि तसाच खाली ठेवला.

मग बराच वेळ काही नाही. ती नुसती उभी असावी. इतक्या लांबून येऊन.

"आई..." कातालदो म्हणाला. पाच वर्षांच्या पोराच्या आवाजात. "आई, मी... नको... आई..."

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. कुणीतरी बसलं. एकच माणूस बसलं.

"रंग वाळला का?"

आवाज कातालदोचा होता. पण दात पडलेल्या तोंडातून हवा सुटावी तसे शब्द सुटत होते, आणि 'र' जिभेवर घोळत होता, जुन्या गल्लीतल्या बायका घोळवतात तसा.

कोझिमानं मागं बघितलं नाही. पदराला धरावं तसं तिनं खिडकीच्या पडद्याला धरलं होतं.

"रंग वाळला का गं?"

यावेळी विचारणं तिलाच होतं. तिच्या ओठांवर जुनं उत्तर आलं, वाळेल आई, आणि ते तिनं गिळलं. उजाडेपर्यंत ती तशीच उभी होती.

सकाळी घंटा वाजल्यावर ती वळली. कातालदो टेबलापाशी बसला होता. दोन्ही हात पाटावर, तळवे पांढरे. तो पाव चावत होता. बत्तिशी शाबूत असूनही बोळक्यानं चावावं तसा हिरड्यांनी चघळत होता, गाल आत ओढून. सालीचा भाग काढून बाजूला ठेवलेला. आई नेहमी तसंच करायची.

"उठ," कोझिमा म्हणाली. "कातालदो, चल. घरी चल."

त्यानं तिच्याकडं असं बघितलं, की हे काय बोलणं झालं! घरीच तर आहे.

ती कोट घालून जिना उतरली. भिंतीकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी दिसलंच. पांढऱ्या रंगातून, हाताच्या उंचीला, खालपासून वरपर्यंत काळपट पट्टा वर आला होता.

खाली चाकांच्या पेट्या ओढत एक जोडपं आलं होतं. तरुण, हसरं, उन्हानं लाल झालेलं. "वर जायचंय," त्यांनी फोन दाखवला. कोझिमा काही बोलायच्या आत वरच्या कठड्यावरून आवाज आला.

"घर द्यायचं नाही! रंग ओला आहे! वाळला की या!"

जोडपं वर बघत राहिलं. चांगला कोट घातलेला एक जाडगेला पुरुष, कमरेत वाकून, भिंतीला तळवा टेकवून उभा होता, आणि हातानं त्यांना हाकलत होता. कोंबड्या हाकलाव्यात तसा.

एजिदिओकाका दोर विणत बसले होते. कोझिमा त्यांच्यापाशी टेकली.  सगळं सांगून झाल्यावर म्हातारा म्हणाला, "तू पान बरोबर मांडलंस, पोरी. तुझं काही चुकलं नाही. मेलेलं माणूस पावापाशी येतं. पाव कुठं होता?"

कोझिमानं वर कठड्याकडं बघितलं.

"त्याच्या पोटात होता. मग ती कुठं जाईल?"

"डॉक्टर आणायला हवा, काका."

"आण. पाद्रीबाबाही आण." म्हाताऱ्याचे आंधळे डोळे वर जिन्याकडं लागले होते. "पण एक सांगू? पाय बदलले हं. मघापासून ऐकतोय. किती दिवसांनी या घरात ओळखीचं पाऊल वाजतंय."

डॉक्टर आला, पाद्रीबाबा आला. दोघांनाही त्यानं दारातूनच परत पाठवलं, रंग ओला आहे म्हणून. बायको त्याला केव्हाच सोडून गेलेली. ओढून काढायला कुणी धजलं नाही. आकड्यांचं कुलूप एक दिवस खाली रस्त्यात येऊन पडलं, आणि आता दाराला दोरी आहे. काका रोज खालून पाव पाठवतात. "उपाशी कसं ठेवायचं तिला," म्हणतात. तिला म्हणतात. गल्लीत कुणी त्यांची चूक दुरुस्त करत नाही. आणि खरं सांगायचं तर, ज्यांची घरं अशीच रंगवली गेली त्या म्हाताऱ्या पुलापलीकडून येतात, खाली उभ्या राहतात, वर बघतात, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती नसते. वेगळंच काहीतरी असतं.

कोझिमा तोरिनोला परत गेली. गाडीत समोरच्या बाईनं सांगितलं, "अहो, तुमच्या कोटाला मागं काहीतरी लागलंय." तिनं काढून बघितला. पाठीच्या मधोमध एक पंजा. पांढरा, लहानसा, म्हाताऱ्या बाईचा. घरातून निघताना आई नेहमी तिथंच थोपटायची.

तिनं तो धुतला नाही. कपाटात टांगून ठेवला. आई आहे, राहू दे, म्हणाली. अधूनमधून दार उघडून बोट लावून बघायची. ओला असायचा. उन्हाळा आला, पन्हाळी तापल्या, तरी ओला.

परवा तिनं पुन्हा कोट बाहेर काढला. पाठीवर काही नव्हतं. काळं कापड, स्वच्छ. तिला वाटलं, वाळून गळून पडला शेवटी.

मग कोट फिरवला. पंजा आता खांद्यावर होता.